वापरलेल्या कॅमेऱ्याचे उरलेले आयुष्य

व्यावसायिक व्हिडिओ कॅमेरा दोन प्रकारांनी जुना होतो, आणि नवा घ्यावा की वापरलेला या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी या दोन प्रकारांमधला फरक ओळखण्यावर अवलंबून असते. पहिला प्रकार झिजेचा: फिरणारे, घासले जाणारे, तापणारे भाग वापराने निकामी होत जातात. दुसरा प्रकार मागे पडण्याचा: यंत्र ठणठणीत असते, पण त्याला लागणारी कार्डे बाजारातून नाहीशी होतात, सुटे भाग मिळेनासे होतात किंवा ग्राहक मागतो त्या दर्जाचे चित्र त्याच्या आवाक्याबाहेर जाते. चुंबकीय फितीच्या काळात पहिला प्रकार निर्णायक होता. १९८२ साली आलेला बीटाकॅम असो वा १९९० च्या दशकाच्या मध्याला आलेली छोटी डीव्ही कॅसेट असो, चित्र नोंदवण्याचे काम वेगाने फिरणाऱ्या धातूच्या ड्रमवर बसवलेली सूक्ष्म हेड्स करत, आणि चित्रीकरणाच्या प्रत्येक तासागणिक ती फितीवर घासून झिजत. लग्नाच्या चित्रीकरणात दीर्घकाळ राबलेल्या सोनीच्या पीडी-१५० आणि पीडी-१७० या कॅमेऱ्यांत ड्रम किती तास फिरला याची स्वतंत्र नोंद असे, आणि जाणता खरेदीदार बाहेरच्या ओरखड्यांआधी तो आकडा पाहत असे.

फीत गेली आणि हे गणित बदलले. पॅनासॉनिकने २००४ मध्ये पी-टू ही कार्डे आणली, सोनीने २००७ च्या ईएक्स-१ कॅमेऱ्याबरोबर एसएक्सएस कार्डे आणली, आणि काही वर्षांतच कॅमेऱ्यातला मुख्य फिरता भाग नाहीसा झाला. उरला तो पंखा, फिल्टरचे चाक आणि काही बटणे. त्यामुळे आज विक्रीला येणारा दहा वर्षांचा कॅमेरा बहुधा झिजलेला नसतो, मागे पडलेला असतो. सोनीचा एफएस-७ हा कॅमेरा २०१४ साली नुसत्या बॉडीसाठी, म्हणजे लेन्सशिवाय, ७,९९९ अमेरिकी डॉलर किमतीला जाहीर झाला. २०२० मध्ये त्याच कंपनीचा एफएक्स-६ हा ५,९९८ डॉलरला आणि २०२१ मध्ये एफएक्स-३ हा ३,८९९ डॉलरला आला. नव्या यंत्राचीच किंमत अशी उतरत गेल्यावर जुन्याची किंमत तिच्याही खाली जाणे अटळ होते, आणि या घसरणीचा एफएस-७ च्या सेन्सरच्या प्रकृतीशी काहीही संबंध नाही. जाहीर झाला तेव्हा तो जसे चित्र देत होता तसेच, म्हणजे ४के आकाराचे, १०-बिट खोलीचे आणि ४:२:२ रंगनोंदीचे चित्र तो आजही देतो.

या संज्ञांचा अर्थ लक्षात घेतल्याशिवाय वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या बाजारात पाऊल ठेवू नये, कारण दिसायला सारख्या आणि किमतीने जवळच्या दोन कॅमेऱ्यांमधला खरा फरक तिथेच दडलेला असतो. बिट म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या तीव्रतेच्या किती पायऱ्या नोंदवता येतात याचे माप: ८-बिट नोंदीत प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात, १०-बिट नोंदीत १,०२४. दुसरा आकडा रंगाच्या तपशिलाचा आहे. उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक बिंदूची ठेवून रंगाची माहिती आडव्या दिशेने निम्मी केली की ४:२:२ होते, आणि ती उभ्या दिशेनेही निम्मी केली की ४:२:० होते. हळदीच्या कार्यक्रमात पिवळा प्रकाश, पिवळी वस्त्रे आणि हळद लावलेली त्वचा एकाच चौकटीत येतात. तिथे ८-बिट, ४:२:० नोंदीवर नंतर संगणकात रंगसंस्कार करू गेल्यास गालावरची सौम्य छटा तुटते आणि तिच्या जागी पट्टे दिसू लागतात. ईएक्स-१ ची नोंद सेकंदाला ३५ मेगाबिट, ८-बिट आणि ४:२:० अशी होती, तर २०१२ मध्ये आलेल्या कॅननच्या सी-१०० ची २४ मेगाबिट होती. हे दोन्ही कॅमेरे आजही सुंदर चित्र देतात, पण ते चित्र जसे आले तसेच वापरण्याची तयारी असेल तरच. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने एचडी चित्रीकरणासाठी घालून दिलेली ५० मेगाबिट आणि ४:२:२ ही किमान पातळी कॅमेऱ्याच्या आतल्या नोंदीत ते गाठत नाहीत.

नव्या कॅमेऱ्याचे अधिक मोल कशासाठी द्यायचे, हेही इथेच स्पष्ट करायला हवे. एफएस-७ आणि एफएक्स-६ यांच्या दिवसाउजेडी, तिपाईवरून घेतलेल्या चित्रांत जाणकारालाही फरक शोधावा लागतो. फरक आहे तो काम करण्याच्या सोयीत. एफएक्स-६ चेहरा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतो, तर एफएस-७ चा स्वयंचलित फोकस इतका मंद आहे की त्यावर विसंबता येत नाही. एफएक्स-६ ची मूळ संवेदनशीलता ८०० आणि १२,८०० अशा दोन पातळ्यांवर आहे, त्यामुळे समईच्या उजेडातही तो फारसा रवाळ होत नाही. एफएस-७ ची लॉग नोंदीतली, म्हणजे नंतरच्या रंगसंस्कारासाठी घेतलेल्या फिकट चित्रातली, मूळ पातळी २,००० आहे. त्यात एफएक्स-६ ची बॉडी ८९० ग्रॅमची, तर एफएस-७ ची दोन किलोंची. मदतनीस आणि फोकस सांभाळणारा माणूस असलेल्या पथकाला या तिन्ही गोष्टींची फारशी फिकीर नसते; एकट्याने दहा तास उभे राहून चित्रण करणाऱ्याला त्यांचीच सर्वाधिक असते. त्यामुळे कोणता कॅमेरा चांगला, यापेक्षा तो कोणाच्या हातात जाणार आहे, हा प्रश्न आधी विचारणे योग्य.

मुंबईच्या फोर्टमधील बोरा बाजारातले दुकान असो, अंधेरीतील भाड्याने कॅमेरे देणारी संस्था असो किंवा एखाद्या व्यावसायिकाचे घर असो, वापरलेल्या कॅमेऱ्याच्या तपासणीचा क्रम ठरलेला असावा आणि तिला किमान एक-दीड तास द्यावा. घाई करणाऱ्या विक्रेत्याकडून कॅमेरा न घेतलेलाच बरा. खरेदीदाराने स्वतःची लेन्स, स्वतःचे कार्ड, एक्सएलआर केबलसह मायक्रोफोन, छोटा मॉनिटर आणि टॉर्च सोबत न्यावी, आणि कॅमेरा थंड असतानाच तपासणी सुरू करावी. आधीच चालू करून ठेवलेला कॅमेरा काही दोष लपवू शकतो, तर काही दोष यंत्र तासभर तापल्यावरच उघड होतात. वीज देण्यापूर्वी स्क्रू पाहावेत. त्यांच्या खाचा घासलेल्या असतील तर बॉडी कोणीतरी उघडलेली आहे, आणि त्यांच्या कडांवर किंवा वरच्या शूवर तांबूस-हिरवट डाग असतील तर यंत्राने समुद्राची खारी हवा खाल्ली आहे. किनारपट्टीवर राबलेल्या कॅमेऱ्यात असा गंज बाहेर दिसण्याच्या बराच आधी आतल्या जोडण्यांवर पोहोचलेला असू शकतो.

सेन्सरची परीक्षा अंधारात सुरू होते. बॉडीवर झाकण लावून, गेन वाढवून, मॉनिटरवरच्या काळ्या पडद्याकडे शांतपणे पाहत राहावे. लाल, निळे किंवा पांढरे ठिपके एकाच जागी स्थिर दिसले तर ते बिघडलेले पिक्सेल होत. असे ठिपके पडणे स्वाभाविक असते, म्हणून सोनीच्या व्यावसायिक कॅमेऱ्यांत एपीआर नावाची आज्ञा दिलेली असते. ती दिल्यावर कॅमेरा बिघडलेले पिक्सेल शोधून त्यांच्या जागी शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने रंग भरतो. एपीआरनंतर ठिपके गेले तर चिंता नाही. राहिले तर दुरुस्ती केंद्राचा खर्च किमतीतून वजा करावा. त्यानंतर उलट परीक्षा: पांढऱ्या भिंतीसमोर लेन्सचे छिद्र शक्य तितके लहान करून पाहावे, म्हणजे सेन्सरवरची धूळ गडद डागांच्या रूपात दिसते. धूळ साफ होते. मात्र याच भिंतीवर एखादी सरळ रेघ किंवा रंगीत फटकारा दिसला, तर तो बहुधा लेझरचा घाव असतो, आणि सेन्सर बदलण्याखेरीज त्यावर उपाय नाही. मिरवणुकांत आणि संगीत समारंभांत डीजेबरोबर लेझर आल्यापासून हा दोष शोधणे आवश्यक झाले आहे, कारण लेझरची किरणशलाका लेन्समधून क्षणभर जरी थेट आत शिरली तरी सेन्सरचे काही भाग कायमचे जळू शकतात. विक्रेत्याला स्वतःला याची कल्पना असतेच असे नाही. गर्दीच्या, चमचमत्या चित्रात ती रेघ दिसत नाही आणि साध्या भिंतीसमोर कॅमेरा कोणी धरत नाही.

मग फिल्टरचे चाक. एनडी फिल्टर म्हणजे रंग न बदलता प्रकाश कमी करणारी काच; एफएस-७ मध्ये ती प्रकाश एक चतुर्थांश, एक सोळांश आणि एक चौसष्टांश करणाऱ्या तीन पायऱ्यांत येते. प्रत्येक पायरीवर चाक नेमके जाऊन बसते का आणि कोणत्याही काचेवर ओरखडा वा बुरशीची छटा आहे का, ते एकेक करून पाहावे. लेन्स बसवण्याच्या कड्याला हलकासा झोका देऊन तिथे ढिलेपणा आहे का, हेही हाताला कळते. सोनीच्या ई-माउंटमध्ये या कड्यापासून सेन्सरपर्यंतचे अंतर १८ मिलिमीटर असते, आणि त्यावर अडॅप्टर लावून जड झूम लेन्स आधाराविना वर्षानुवर्षे वापरली गेली असेल तर कडे सैल होऊन फोकसचे माप बिघडते. लेन्सही सोबत मिळत असेल तर तिची स्वतंत्र परीक्षा करावी: झूम पूर्ण आत नेऊन फोकस जुळवावा आणि मग बाहेर यावे, चित्र धूसर झाले तर मागचा फोकस सरकलेला आहे. एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने पाहिले की काचेतली बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. मुंबई आणि कोकणातल्या पावसाळी हवेत कपाटात बंद राहिलेल्या लेन्सला ती हमखास लागते, आणि पसरून काचेवरचा लेप खाऊ लागली की साफ केल्यावरही तिचे व्रण राहतात. म्हणून पावसाळ्यात लेन्सभोवतीची आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखणारे कोरडे कपाट हा चैनीचा खर्च समजू नये.

जोडण्यांची तपासणी सर्वाधिक कंटाळवाणी असते आणि ती सर्वाधिक वेळा वगळली जाते. एक्सएलआरच्या दोन्ही वाहिन्यांवर मायक्रोफोन लावून, त्याला कॅमेऱ्यातून ४८ व्होल्टचा पुरवठा देऊन, कानाला हेडफोन लावून केबल हलवून पाहावी. एसडीआय या मॉनिटरकडे चित्र नेणाऱ्या जोडणीतून खरोखर चित्र येते का, ते पाहिलेच पाहिजे, कारण कॅमेरा आणि मॉनिटर एकाच बॅटरीवर चालत असताना विजेच्या तारेआधी एसडीआयची तार जोडली गेली तर परतीचा प्रवाह तिच्यातून वाहून आतला भाग जळण्याचा धोका असतो. आरीसारख्या उत्पादकांनीही या धोक्याची जाहीर सूचना दिलेली आहे. असा कॅमेरा कार्डवर उत्तम चित्र नोंदवतो आणि स्वतःच्या पडद्यावर सगळे काही ठीक दाखवतो. दिग्दर्शकाला मॉनिटर हवा असतो त्या दिवशी मात्र तो उघडा पडतो. व्ह्यूफाइंडरच्या भिंगातून ऊन आत गेल्याने पडद्यावर पडलेला पिवळसर भाजका डागही याच वेळी शोधावा. शेवटी प्रत्येक आकारात आणि प्रत्येक गतीत एक-दोन मिनिटे चित्रण करून, कार्ड संगणकात लावून, फाइली उघडून पाहाव्यात. कॅमेऱ्यावर चित्र दिसले म्हणजे ते नोंदले गेले, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

वापराचे तास मेनूत दिसतात, परंतु त्यांचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. सोनीच्या अनेक व्यावसायिक कॅमेऱ्यांत दोन मोजणी असतात. त्यांपैकी एक वापरणाऱ्याला शून्यावर आणता येते आणि दुसरी येत नाही, म्हणून विक्रेत्याने दाखवलेला आकडा कोणत्या मोजणीचा आहे हे स्वतः मेनू उघडून पाहावे. मिररलेस कॅमेऱ्यांच्या बाबतीत तर शटर किती वेळा उघडले याचा आकडा मोठ्या विश्वासाने सांगितला जातो, पण तो आकडा छायाचित्रांचा असतो. व्हिडिओ चित्रण होताना यांत्रिक शटर प्रत्येक चौकटीला हलत नाही, त्यामुळे कमी शटर-संख्येचा कॅमेरा व्हिडिओसाठी हजारो तास तापलेला असू शकतो. तास किती यापेक्षा ते कोणाकडे झाले, याला अधिक महत्त्व द्यायला हवे. भाड्याने फिरलेल्या कॅमेऱ्याने शंभर हात पाहिलेले असतात, पण चांगल्या संस्थेत तो परत आल्यावर तपासला जातो आणि नियमित दुरुस्त होतो. एकाच मालकाने क्वचित वापरलेला कॅमेरा दिसायला नवा असतो, पण तो बॅटरी लावलेल्या अवस्थेत दोन पावसाळे पिशवीत पडून राहिलेला असू शकतो. या दोहोंत दुरुस्तीची बिले जपून ठेवलेला पहिला कॅमेरा अधिक भरवशाचा मानावा.

यापुढचा प्रश्न कॅमेऱ्याच्या बाहेरचा आहे. एफएस-७ ला लागणारी एक्सक्यूडी कार्डे २०१२ च्या सुमारास बाजारात आली आणि पुढे त्याच बाह्य आकाराच्या सीएफएक्सप्रेस टाइप बी कार्डांनी त्यांची जागा घेतली; आकार एक असूनही एफएस-७ मध्ये नवी कार्डे चालत नाहीत. म्हणजे वापरलेल्या बॉडीबरोबर कार्डे मिळत नसतील तर ती शोधणे हेच एक काम होऊन बसते. २०१५ च्या सी-३०० मार्क टू ला लागणाऱ्या सीफास्ट कार्डांची स्थितीही याहून फार निराळी नाही. बॅटरीच्या बाबतीत निदान पुरावा मिळतो: सोनीच्या मूळ बीपी-यू मालिकेतली बॅटरी लावली की तिची निर्मितीची तारीख आणि ती किती वेळा भरली गेली, हे कॅमेऱ्याच्या स्थितिदर्शक पानावर दिसते. ते पान पाहिल्यावर अनेकदा ‘चार बॅटऱ्यांसह’ या शब्दांचे मोल निम्मे होते.

परदेशातून बिलाविना आलेल्या यंत्रांबाबत आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. अशा कॅमेऱ्याची वॉरंटी भारतात बहुधा चालत नाही. पीडी-१७० च्या पिढीतले कॅमेरे एनटीएससी वा पाल या एकाच पद्धतीला बांधलेले असत, आणि जपानी बाजारासाठी बनलेल्या काही मॉडेलांत मेनूची भाषा जपानीखेरीज दुसरी निवडता येत नाही. मूळ बिलावरचा अनुक्रमांक बॉडीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे पाहणे चोरीच्या मालापासून वाचण्याचा सर्वांत साधा मार्ग आहे, आणि संकोचापोटी तो टाळला जातो हे दुर्दैव.

पैशांच्या हिशेबात करांचा भाग दुर्लक्षित राहतो. कॅमेऱ्यांवरचा वस्तू व सेवा कर २०१९ च्या प्रारंभी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तीन लाख रुपये मूळ किमतीच्या नव्या कॅमेऱ्यावर तो ५४,००० रुपये होतो. ज्याच्या व्यवसायाची नोंदणी आहे त्याला ही रक्कम आपल्या ग्राहकांकडून घेतलेल्या करातून वळती करून घेता येते. ज्याची वार्षिक उलाढाल सेवांसाठीच्या वीस लाखांच्या मर्यादेत असल्याने नोंदणी नाही, त्याच्यासाठी तो निखळ खर्च ठरतो. दुसऱ्या बाजूला, खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या कॅमेऱ्यावर वळती करून घेण्याजोगा कर नसतोच, आणि जुन्या वस्तूंचा व्यापारी मार्जिन पद्धतीने, म्हणजे केवळ स्वतःच्या नफ्याच्या रकमेवर, कर भरत असेल तर खरेदीदाराला पूर्ण किमतीवरच्या कराची सवलत मिळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. यातून असा निष्कर्ष निघतो की नव्या आणि वापरलेल्या कॅमेऱ्याच्या किमतीतले अंतर नोंदणीकृत व्यावसायिकासाठी दिसते त्यापेक्षा कमी असते आणि लहान व्यावसायिकासाठी ते पुरेपूर असते. एकाच दुकानात, एकाच दिवशी, दोघांना दोन वेगळे सल्ले देणे म्हणूनच सुसंगत ठरते.

चित्राच्या दर्जाचा आणि वयाचा संबंध किती सैल आहे, हे आरीच्या अलेक्सा या कॅमेऱ्याइतके दुसरे कोणतेही यंत्र दाखवत नाही. २०१० साली आलेल्या या कॅमेऱ्याने उजळ आणि गडद भागांना दिलेली मृदू वागणूक चित्रपटसृष्टीत मानदंड ठरली, आणि त्याची पहिली आवृत्ती आता मूळ किमतीच्या लहानशा अंशात मिळते. पण तिची बॉडी सहा किलोंहून जड आहे आणि ती सुमारे ८५ वॅट वीज खाते, त्यामुळे ९८ वॅट-तासांची व्ही-माउंट बॅटरी जेमतेम तासभर पुरते. शिवाय ४के मूळ चित्राची अट घालणाऱ्या नेटफ्लिक्ससारख्या प्रसारकांच्या मूळ निर्मितीसाठी ती प्रमुख कॅमेरा म्हणून चालत नाही. ज्या लघुपटाला पथक आहे, वीज आहे आणि अशा प्रसारकाचे बंधन नाही, त्याच्यासाठी याहून चांगला सौदा नाही. एकट्या व्यावसायिकासाठी तो खांद्यावरचा भार आहे.

निर्णयाची खरी कसोटी मात्र कामाच्या स्वरूपात आहे: चित्रण पुन्हा करता येते का? कथापटातला प्रसंग बिघडला तर दुसरा टेक होतो, आणि मुलाखत प्रसंगी दुसऱ्या दिवशी घेता येते. मुहूर्तावर पडलेल्या अक्षता पुन्हा पडत नाहीत. पालखी पुढे गेली की गेली. जिथे पुनरावृत्ती शक्य आहे तिथे चांगला तपासलेला वापरलेला कॅमेरा घेऊन उरलेले पैसे लेन्स, ध्वनी आणि प्रकाश यांवर खर्च करणे शहाणपणाचे, कारण चित्राच्या दर्जात त्यांचा वाटा बॉडीच्या वयापेक्षा मोठा असतो. जिथे ती शक्य नाही तिथे दुरुस्तीची हमी असलेले नवे यंत्र प्रमुख ठेवावे आणि वापरलेले यंत्र जोडीला घ्यावे. पाठोपाठच्या तिथींवर कामे असलेल्या लग्नसराईत बिघडलेला कॅमेरा दुरुस्ती केंद्रात किती दिवस अडकेल, हा विचार इथे किमतीच्या बरोबरीने करावा लागतो. जोडीच्या यंत्रासाठी शक्यतो त्याच कंपनीची, तीच लॉग नोंद देणारी बॉडी शोधावी; एफएस-७ आणि एफएक्स-६ दोघेही एस-लॉग ३ मध्ये चित्र देत असल्याने संगणकावर त्यांचे रंग जुळवणे दोन भिन्न कंपन्यांच्या कॅमेऱ्यांपेक्षा बरेच सोपे जाते.

सौदा ठरल्यावर बिलावर बॉडीचा अनुक्रमांक, मेनूतले न पुसता येणारे तास आणि परत घेण्याची मुदत लिहून घ्यावी. ती मुदत संपण्याआधी यंत्र उन्हात, अंधारात आणि सलग दोन-तीन तास चालवून पाहावे, आणि तोवर त्याच्या भरवशावर कोणाचेही काम स्वीकारू नये.